जुनी स्ट्रॅट घ्यावी की जुन्या घाटाची नवी?

बडोद्यात नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याच्या हातात जरा पैसा खेळू लागला की त्याला सत्तरच्या दशकातली अमेरिकन स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार ‘स्ट्रॅट’, खुणावू लागते. दुसरीकडे त्याच घाटाची नवी स्ट्रॅट, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची स्क्वायर क्लासिक व्हाइब, लाखाच्या आत मिळते. माझं मत आधीच सांगतो: गिटार गरब्याच्या स्टेजवर जाणार असेल तर नवी घ्या.

‘जुनी’ म्हणजे नेमकी कुठली, हे आधी पाहू. स्ट्रॅट बाजारात आली 1954 मध्ये. 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या गिटारचे भाव आपल्यासाठी नाहीत, तो विषय इथेच सोडू. जमलंच तर आपल्या आवाक्यात येते ती सत्तरच्या दशकातली, आणि नेमका तोच काळ बेभरवशाचा. 1971 नंतर नेक, म्हणजे गिटारची मान, चारऐवजी तीन बोल्टवर बसवू लागले. खाच सैल असेल तर ती बाजूला सरकते. काही गिटार उगाच जड आहेत. काही मात्र इतक्या सुरेख असतात की हातातून सोडवत नाहीत. म्हणून फोटो पाहून जुनी स्ट्रॅट घेऊ नये, वाजवूनच घ्यावी.

आवाजाबद्दल फार बोललं जातं. घरी, लहानशा व्हॉल्व्ह अँपवर, रात्री एकट्याने वाजवताना चांगल्या जुन्या गिटारचा फरक कळतो, आणि त्याहून जास्त हाताला कळतो, कारण इतक्या वर्षांत नेकच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. पण मैदानावर ढोल, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की तो फरक वाजवणाऱ्यालाही ऐकू येत नाही. हम, म्हणजे स्पीकरमधली भुणभुण, मात्र दोन्हींत सारखाच. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी एकेरी वेटोळ्याची चुंबकं), जनरेटर आणि लाइटचे डिमर एकत्र आले की भुणभुण होणारच; अर्थिंग चांगलं नसेल तर विचारूच नका.

वाजवायच्या सोयीत नवी सरळ पुढे आहे. 1977 पर्यंतच्या स्ट्रॅटला पिकअप निवडायला तीन जागांचाच स्विच असे. दोन पिकअप एकत्र वाजवणारे मधले दोन आवाज हवे असतील तर तो मध्येच अडकवून ठेवावा लागे. शिवाय जुन्या फिंगरबोर्डची (बोटं दाबायच्या पट्टीची) गोलाई, म्हणजे वक्रतेची त्रिज्या, सव्वासात इंचांची; आकडा लहान तितकी पट्टी जास्त गोल. तारा खाली ठेवल्या आणि वरच्या फ्रेटवर (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारेवर) मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ओढली, की सूर दबतो. क्लासिक व्हाइबची गोलाई साडेनऊ इंच आहे. गरब्यात मींडेच्या जागा गिटारवर काढणाऱ्याला ती निम्मी चिंता वाचवते.

आता सांभाळण्याचं. बडोद्याचा कोरडा मे आणि दमट ऑगस्ट, दोन्हींत नेक हलते. नवी असेल तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) फिरवा, सेटअप करा, झालं. नऊ रात्री घाम गाळून फ्रेट झिजले तर तेही बिनदिक्कत बदला. जुन्या गिटारवर मात्र प्रत्येक दुरुस्ती किमतीत मोजली जाते: मूळ फ्रेट बदलले की भाव उतरतो, आणि पूर्ण रंग नव्याने दिला असेल तर साधारण अर्ध्यावर येतो. त्यात 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तळमजल्यावर राहत असाल तर लाखांची गिटार पलंगाखाली ठेवणार का?

तरीही जुनीच घ्यायची असेल, तर पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी) उघडून दाखवायला सांगा. आतल्या पॉटवर, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालच्या भागावर, आकडे असतात: 1377325 म्हणजे 137 ही सीटीएस कंपनी, 73 हे साल, 25 वा आठवडा. त्यावरून गिटार त्यापेक्षा जुनी नाही एवढंच ठरतं, पण विकणारा 1970 सांगत असेल तर तेवढं पुरतं. सोल्डर ताजं, चकचकीत दिसलं तर पॉट नंतर बदललाय असं धरा. उघडायलाच नकार देणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

न्यू जर्सीतला मावसभाऊ येताना घेऊन येईल, हा आपल्याकडचा नेहमीचा बेत. त्याला खरेदीची पावती जवळ ठेवायला सांगा, कस्टममध्ये लागेल. साठच्या दशकातली असेल तर फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोजवुडचा असू शकतो; ते लाकूड 1992 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सर्वांत कडक यादीत आहे आणि कागदांशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. भारतीय रोजवुडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या, तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली.

आणि एक मधली वाट, जी मी स्वतः निवडेन: 1982 पासून जपानमध्ये बनू लागलेल्या फेंडर आणि स्क्वायर, किंवा त्या काळातल्या टोकाई या जपानी कंपनीच्या गिटार. वय चाळिशीपार, काम नीटनेटकं, आणि भाव अमेरिकनपेक्षा बराच कमी. त्यातही ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या सिरियल नंबरांच्या गिटारचे भाव आता चढलेत; नंबरासाठी जास्त मोजण्यापेक्षा नंतरची, पण फ्रेट शाबूत असलेली घ्या.