पावतीवरचा ‘नियोजित’ हा शब्द

कोकणात सहकारी घरबांधणीच्या नावाखाली बुडालेल्या पैशांच्या पावत्या हातात घेतल्या की संस्थेच्या नावाआधी बारीक अक्षरांत एक शब्द दिसतो: ‘नियोजित’. म्हणजे पावती फाडली त्या दिवशी संस्था अस्तित्वातच नव्हती. पैसे एका माणसाकडे गेले आणि त्या माणसावर सभासदांचं कायदेशीर नियंत्रण काहीच नव्हतं.

मूळ कल्पना चांगली आहे, म्हणून चीड जास्त येते. बंगल्यांसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव गावातल्या तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. वीस-पंचवीस कुटुंबांनी मिळून जमीन घ्यायची, जवळच्या खाणीवरचा चिरा आणायचा, बिल्डरचा नफा वाचवायचा. हे नीट केलं तर होतं. फसवणारा हेच सगळं बोलतो, फक्त कागदांचा क्रम उलटा करतो.

माणूस बहुधा बाहेरचा नसतो. सभा देवळात होते, गणपतीत किंवा शिमग्यात, चाकरमानी घरी असताना. ‘आपलोच माणूस आसा’ म्हटल्यावर कागद मागणं उद्धटपणाचं वाटतं. त्यातून कोणी मागितलाच, तर सहायक निबंधकांच्या सहीशिक्क्याचं पत्र पुढे येतं. पत्र खरं असतं. पण ते संस्थेचं नाव राखून ठेवल्याचं आणि बँकेत खातं उघडायला परवानगी दिल्याचं पत्र असतं. त्याची मुदतही मर्यादित असते. नोंदणी म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 9 खालचं प्रमाणपत्र, ज्यावर नोंदणी क्रमांक असतो. नाव राखल्याच्या त्या पत्रात कोणत्या बँकेत खातं उघडायचं तेही लिहिलेलं असतं. पैसे त्या खात्यात, धनादेशाने किंवा ऑनलाइन, एवढंच पाळलं तरी बरंच वाचतं. ‘मोजणीच्या खर्चाला’, ‘तलाठ्याकडे द्यायचे आहेत’ असं सांगून फोनच्या नंबरवर मागितलेली रक्कम संस्थेच्या हिशेबात कधीच येत नाही.

खरा घोळ जमिनीत असतो. प्रवर्तक, म्हणजे संस्था काढायला पुढे झालेला माणूस, सांगतो, ‘संस्था शेतकरी नाही, म्हणून जमीन तूर्त माझ्या नावावर घेतो, बिनशेती झाली की संस्थेला देऊ.’ यातला पहिला भाग खरा आहे. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, सभासद सगळे शेतकरी असले तरी संस्था शेतकरी होत नाही. हे खरं असल्यामुळेच पुढचं खोटं पचतं. खरेदीखत त्याच्या नावावर झालं की जमीन त्याची. तो ती गहाण टाकू शकतो, दुसऱ्याला विकू शकतो, आणि तो वारला तर वारस म्हणतात, आम्हाला काही ठाऊक नाही. सभासदांच्या हातात उरतो नोटरीपुढे केलेला करार. नोटरी फक्त सही कोणाची ते सांगतो, त्याने जमिनीचा हक्क मिळत नाही. योग्य क्रम असा: मूळ मालकाने आधी जमीन बिनशेती करून घ्यायची किंवा परवानगी मिळवायची, दरम्यान संस्थेची नोंदणी करायची, आणि मग दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत मूळ मालकाकडून थेट संस्थेच्या नावाने. मधे कोणाचंही नाव नको.

सातबारा ऑनलाइन पाहता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. त्यावर भोगवटादार वर्ग 1 की 2 ते पाहा. वर्ग 2 असेल तर हस्तांतराला अटी असतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, बोजा किंवा कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, असा) असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडे सातबारा सामाईक असतो, त्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातले काही वारलेले असतात, मुंबईतल्या भावांची संमती नसते, बहिणींची वारस नोंदच झालेली नसते. प्रवर्तक दोघांचं कुलमुखत्यारपत्र दाखवतो. दोघांचं मुखत्यारपत्र चाळीस जणांची जमीन विकू शकत नाही, आणि देणारा वारला की सहसा ते संपतं. सातबाऱ्यासोबत जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी काढा, तालुक्याच्या वकिलाकडून जमिनीच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्या, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून हद्दी पाहा. चालत जाऊन रस्ताही पाहा. शेजाऱ्याच्या कुंपणातून जाणारी पायवाट नकाशावर नसेल तर चिऱ्याचा ट्रक तिथे कधीच पोचणार नाही.

स्वस्त जमीन स्वस्त का आहे, हे विचारायला लोक विसरतात. ग्रामीण, विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना विकास क्षेत्र असतं. खाडीकाठी अंतर वेगळं मोजलं जातं. कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा उच्च न्यायालयाच्या आदेशाने राखीव आहे, तिवरं तोडून मातीचा भराव टाकलेली जागा हमखास याच पट्ट्यात निघते. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा (जमीन कागदोपत्री वन असल्याचा) शेरा किंवा कबुलायतदार गावकर प्रश्न (गावच्या सामाईक जमिनी गावकरांच्या की सरकारच्या, हा जुना वाद) असेल तर खरेदीच अडते. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाची अडचण कायद्याची नसून पाण्याची असते. विहिरीला पाणी लागत नाही, शोषखड्डा पाणी पीत नाही, आणि पंचवीस घरांचं सांडपाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं.

एक हिशेब प्रत्येकाने करावा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. एका एकरात गुंठ्या-गुंठ्याचे 40 प्लॉट विकले जात असतील, तर रस्ता कुठून जाणार? 4,000 चौरस मीटरहून मोठ्या आराखड्यात साधारण 10 टक्के मोकळी जागाही सोडावी लागते. मंजूर आराखडा दाखवा म्हटल्यावर रंगीत कागद येतो, त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख नसते.

‘घरं फक्त स्थानिकांनाच, बाहेरच्याला विकता येणार नाहीत’ हे वाक्य पत्रकात ठळक असतं. ते उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमांत नसेल तर त्याला किंमत नाही. सभासदत्वावर मर्यादा घालणारे उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मान्य केले होते. तेव्हा नोंदणीला जाण्याआधी उपविधींचा मसुदा सभेत मोठ्याने वाचून घ्या. विक्रीच्या वेळी पहिला हक्क कोणाचा आणि किंमत कशी ठरणार, ही दोन कलमं नसतील तर पाच वर्षांत निम्मी घरं होमस्टे होतात.

‘संस्था आहे, महारेरा लागत नाही’ हेही ऐकू येईल. महारेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं 8 पेक्षा जास्त असून कोणी ती विकत असेल, तर नोंदणी लागते. नोंदणीकृत करार न करता 10 टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही.

पैसे गेले असतील तर सगळ्यात जास्त नुकसान वाट पाहण्यात होतं. तगादा वाढला की प्रवर्तक पुढच्या तारखांचे धनादेश देतो, आणि बँकेत टाकायच्या आदल्या दिवशी ‘जरा थांबा’ म्हणून फोन करतो. धनादेश तारखेपासून 3 महिनेच चालतो. न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ग्राहक आयोगाकडे जायला 2 वर्षं असतात. पोलिसांकडे एकेकट्याने न जाता सगळ्यांनी एकच तक्ता घेऊन जावं: नाव, तारीख, रक्कम, कोणत्या खात्यात, पावती क्रमांक. रोख दिलेल्या पैशांसाठी त्या दिवशी समोर कोण होतं तेही लिहा. प्रवर्तकाच्या नावावर झालेल्या जमिनीचा सातबारा त्याच दिवशी काढून ठेवा आणि नवा फेरफार पडलाय का ते दर आठवड्याला बघा. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला 15 दिवसच मिळतात.