एमएफएम: वर्षभर वापरल्यावर (मुख्यतः टिपबद्दल)

एमएफएम म्हणजे मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोप, सॅम्पलच्या पृष्ठभागावरची चुंबकीय रचना दाखवणारं यंत्र. मशीन चांगलंय. खिसा कापते ती टिप, म्हणजे सॅम्पलवरून फिरणारी चुंबकीय थराची बारीक सुई. एका टिपच्या पैशात मेसचा जवळपास महिन्याचा डबा येतो, आणि घेताना हे कोणी सांगत नाही.

मध्यंतरी फेज इमेज (टिपच्या कंपनातल्या फरकावरून येणारं चुंबकीय चित्र) एकदम सपाट यायला लागली. टोपोग्राफी (उंचसखलपणाचं चित्र) मात्र स्वच्छ. सर्व्हिसवाल्याने फोनवरच स्कॅनर (टिप किंवा सॅम्पल सरकवणारा भाग) बदलायला सांगितलं आणि त्याच दिवशी कोटेशनही धाडलं. (साधा स्पेअर मागवला तर महिना लावतात!) माझ्याकडे भंगारातल्या हार्ड डिस्कच्या थाळीचा तुकडा असतो. थाळी डेस्कटॉपमधली घ्या, ती बहुधा अॅल्युमिनियमची असते. लॅपटॉपमधली काचेची निघते आणि कापताना चुरा होतो. त्या तुकड्यावर जुन्या टिपने काहीच दिसेना, नव्या टिपने बिट्सचे काळे-पांढरे पट्टे लख्ख. म्हणजे स्कॅनर ठणठणीत, टिपवरचा कोबाल्ट-क्रोमचा थर गेलेला. हा थर असतोच काही डझन नॅनोमीटरचा. पहिल्या फेरीत टिप सॅम्पलवर टकटक करत उंचसखलपणा मोजते, झीज तिथेच. दुसऱ्या फेरीत ती ठरावीक उंचीवरून (हीच लिफ्ट) जाते आणि मुख्यतः चुंबकीय ओढ टिपते, त्यात काही बिघडत नाही. आता टॅपिंग अगदी हलकं ठेवतो. टिप बरीच जास्त चालते.

लो-मोमेंट (कमी चुंबकत्वाची) टिप म्हणजे महागडी चैन, असं माझं मत होतं. पर्मॅलॉय (सहज चुंबकत्व बदलणारा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) लावलं आणि मत बदललं. साध्या टिपने डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशेने चुंबकित भागांमधली, म्हणजे डोमेनमधली सीमा) स्कॅनबरोबर सरकत होती; वरून खाली एक चित्र, खालून वर दुसरं. लिफ्ट ५० वरून १०० नॅनोमीटर केली तर वॉल थांबली, पण तपशील पुसट. लो-मोमेंटने सिग्नल कमी येतो, तरी चित्र दोन्हीकडून सारखं. चुंबकीयदृष्ट्या मऊ मटेरियल असेल तर पैसे टाका. निओडिमियम मॅग्नेटजवळ मात्र ती नेऊ नका, टिपचं चुंबकत्वच उलटं होतं.

आणखी एक. स्थिर विद्युतभारामुळेही फेजमध्ये डाग येतात आणि पोरं ते डोमेन म्हणून थीसिसमध्ये घालतात. टिप उलट दिशेने मॅग्नेटाइझ करून पुन्हा स्कॅन घ्या. काळं-पांढरं अदलाबदल झालं नाही, तर ते चुंबकीय नाही. दोन मिनिटांचं काम, पण करायचा कंटाळा.

लॉरेंट्झ टीईएमसारखं (चुंबकीय रचना दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सॅम्पल पातळ करत बसावं लागत नाही, हवेतच चालतं, ५० नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. पण फेजचे अंश म्हणजे टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) नव्हेत. आकडे हवे असतील तर व्हीएसएमच्या (सॅम्पलचं चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनच्या) रांगेत उभे राहा.