बोलिंगेनचा मनोरा की पंढरीची वाट?

माणूस आतून तुटला तर जोडायचा कसा? स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने एकांत निवडला. 1913 साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी फाटल्यावर तो स्वप्नं, भास, सगळं वहीत उतरवत राहिला. 1923 मध्ये झुरिक सरोवराकाठी बोलिंगेनला त्याने दगडी मनोरा बांधायला घेतला. तिथे वीज नव्हती; लाकडं फोडायची, पाणी स्वतः काढायचं. आपण नाकारलेला राग, मत्सर, भीती म्हणजे आपली ‘सावली’, आणि तिच्याकडे पाठ फिरवली की ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसू लागते, हे त्याचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

वारीत एकांत मिळत नाही. आळंदीहून निघालेली दिंडी, चिखलाने माखलेले पाय, टाळांचा ठेका. समोर येईल त्याच्या पाया पडायचं, आणि तोही लगेच आपल्या पायांशी वाकतो. एकटेपणावर याहून चांगलं औषध मी पाहिलेलं नाही.

पण वारीलाही सावली आहेच. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी, देवळाच्या बाहेर आहे. दलितांना विठ्ठलाचं दर्शन मोकळं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. युंगच्या वाटेला मात्र वेळ, पैसा आणि जाणता मानसोपचारतज्ज्ञ लागतो. शेतमजुराने तो कुठून आणावा?

मन फारच घायाळ असेल तर आधी तज्ज्ञ गाठा. गर्दीत जखम झाकली जाते. नुसता परकेपणा खुपत असेल, तर पहिल्या वर्षी आळंदी ते पुणे एवढंच चाला.