जुन्या मापांसाठी जीएनयू युनिट्स: व्याख्या तुमची, हिशेब त्याचा

काठी, तसू, गज, आणे अशी मापं असलेले जुने कागद समोर असतील, तर मोबाइलवरची रूपांतराची ॲप्स कामाची नाहीत. ‘गज’ निवडला की आकडा लगेच येतो, पण तो मुंबईचा २७ इंची गज, मद्रासचा ३३ इंची की बंगालचा ३६ इंची, याचा पत्ता लागत नाही. जीएनयू युनिट्स हा फुकट, मुक्त प्रोग्राम इथेच उजवा ठरतो. त्यातलं प्रत्येक माप एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये व्याख्येसकट लिहिलेलं आहे. ती फाइल उघडून वाचता येते, आणि त्यातल्या टिपा एरवीही वाचाव्यात अशा आहेत.

पॅरिसच्या जुन्या फुटाचंच बघा. १७९९ साली फ्रेंचांनी मीटरची लांबी ४४३.२९६ लीन्य (लांबीचं जुनं, बारीक फ्रेंच माप) ठरवली आणि फूट होता १४४ लीन्यांचा. फाइलमध्ये हा फूट १४४ भागिले ४४३.२९६ मीटर असाच ठेवला आहे, ०.३२४८ असा गोळाबेरीज करून नाही. असा काटेकोरपणा फार कमी साधनांत सापडतो.

खरा उपयोग मात्र स्वतःची मापं घालण्याचा. होम फोल्डरमध्ये ‘डॉट युनिट्स’ (.units) नावाची फाइल करा, एका ओळीत एक व्याख्या लिहा, नावं रोमन अक्षरांत. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे ८२ तसूंची. हात १४ तसूंचा. गजाचे तसू २४. तेव्हा तीन ओळी पुरतात: गज म्हणजे २७ इंच, तसू म्हणजे गज भागिले २४, काठी म्हणजे ८२ तसू. उत्तर येतं ७ फूट ८¼ इंच. आता फक्त पहिल्या ओळीत २७ च्या जागी ३३ घाला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. काठी ९ फूट ४¾ इंच होते. बिघा वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद, म्हणून फरक क्षेत्रफळात वर्गाने वाढतो: पहिल्या गजाने बिघा सुमारे २१.७ गुंठे, दुसऱ्याने ३२.४. जवळजवळ दीडपट! कुठला गज धरला हे न सांगता बिघ्याचे एकर करून छापणं किती धोक्याचं आहे, ते या एका ओळीत कळतं.

वापरताना अडकायला होतं ते अपूर्णांकांत. अर्धा गज म्हणून १/२ आणि पुढे गज लिहिलंत, तर प्रोग्राम ‘एक भागिले दोन गज’ असं वाचतो, कारण शेजारी लिहिलेल्या गोष्टींचा गुणाकार तो भागाकाराच्या आधी करतो. तिरक्या रेघेऐवजी उभी रेघ वापरा, १|२ असं. मापाच्या नावाच्या शेवटी नुसता आकडाही चालत नाही. दोन्ही गज एकत्र ठेवायचे असतील तर मध्ये अंडरस्कोर घालून गज_२७ आणि गज_३३ अशी नावं द्या.

उत्तर फूट-इंचात हवं असेल तर फूट आणि इंच यांच्यामध्ये अर्धविराम टाकून मागा. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, तिचे सारखे भाग म्हणजे आणे १६. एक आणा विचारलात तर २ फूट ०.७५ इंच असं सरळ उत्तर मिळतं. नुसत्या फुटांत २.०६२५ येतं, ते टिपणाशी ताडून बघायला गैरसोयीचं.

उणिवा आहेतच. बटणं नाहीत, मराठी नाही, सगळं कमांड लाइनवर. मॅकवर आधीपासून असलेला त्याच नावाचा प्रोग्राम हा नव्हे. तो बीएसडी या वेगळ्या प्रणालीतून आलेला, मापं कमी असलेला. होमब्रू या मॅकवर प्रोग्राम बसवायच्या साधनातून जीएनयूचा घ्या, तिथे कमांडच्या नावाआधी ‘जी’ लागतो (gunits). लिनक्सवर पॅकेज सहज मिळतं.

उत्तर मुळात आठ सार्थ अंकांपर्यंत येतं. शेतजमिनीला ते भरपूर झालं. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जुने आकडे घेऊन बसलात तर ‘डी’ (-d) पर्याय देऊन अंक वाढवा आणि फूटही तपासा. १९३७ चा भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटरचा, आजचा ०.३०४८ चा. एका साखळीत याने काही बिघडत नाही, पण १०० किलोमीटरवर सुमारे ५२ सेंटिमीटर सरकतात. नंतरचे १९६२ आणि १९७५ चे भारतीय फूट पुन्हा किंचित निराळे आहेत, म्हणून प्रत्येकाला सालासकट वेगळं नाव देऊन फाइलमध्ये ठेवा.