‘कंपनीचाच विमा आहे’ असं सांगून दादाच्या गळ्यात मारलेली पॉलिसी

तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवून कुणी ‘कर्मचारी कल्याण’वाला विमा समजावत बसला असेल, तर सही करण्याआधी हे वाचा. माझ्या मोठ्या भावाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून नीट उचलत नाही. ज्या ‘अपंगत्व विम्या’चे पैसे तो महिनोन्महिने भरत होता, त्यातून उपचारांसाठी दमडी मिळाली नाही.

त्या माणसाला ऑफिसात बसायला जागा एचआरनेच दिली होती, त्यामुळे तो कंपनीचाच माणूस आहे असं सगळे धरून चालले. सांगितलं काय, तर ‘सर, तुमच्या पीएफबरोबर विमा असतो ना, त्यालाच हे जोडलंय. उद्या काम करता आलं नाही तर पगाराइतकी रक्कम घरी येत राहील.’ हे धादांत खोटं होतं. पीएफबरोबर येतो तो 1976 च्या ईडीएलआय योजनेचा विमा. तो नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना मिळतो, कमाल 7 लाख रुपये. अपंगत्वाचा त्यात काही संबंध नाही, आणि त्याची वर्गणी मालक भरतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही.

दादाला प्रत्यक्षात विकली गेली ती एक वैयक्तिक बचत पॉलिसी, आणि तिच्या शेपटाला लावलेला अपघाती अपंगत्वाचा छोटासा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण. हप्त्याचा बहुतेक भाग बचतीकडे जात होता. फॉर्म त्या माणसाच्या टॅबवर भरला गेला, ओटीपी त्यानेच विचारून टाकला. मग म्हणाला, ‘दोन दिवसांत एक कॉल येईल, फॉर्मॅलिटी आहे, सगळ्याला हो म्हणा.’ तो कॉल म्हणजे विमा कंपनीची पडताळणी असते आणि तो रेकॉर्ड होतो. आम्ही तक्रार केली तेव्हा कंपनीने हेच रेकॉर्डिंग पुढे केलं: ग्राहकाने सर्व अटी मान्य केल्या आहेत. माणसाला पढवून ठेवायचं आणि मग त्याचा ‘हो’ त्याच्याच विरुद्ध वापरायचा, याची मला आजही चीड येते.

दावा नाकारल्याचं पत्र वहिनीने मला वाचून दाखवलं. अपंगत्व अपघाताने आलेलं नाही, सबब दावा नामंजूर. एवढंच. अपघात विम्यात, मग तो कंपनीने काढलेला ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट असो की असा रायडर, अपंगत्वाला बाहेरून झालेली इजा कारण असावी लागते. मेंदूतली गुठळी त्यात बसत नाही. त्यासाठी गंभीर आजारांचं वेगळं संरक्षण असतं. तिथेही पक्षाघाताची लक्षणं किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, तेव्हा एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्टचे कागद जपून ठेवा.

खरा ग्रुप विमा ओळखणं अवघड नाही. त्याची मास्टर पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, तुम्हाला तुमच्या नावाचं विमा प्रमाणपत्र मिळतं, आणि तुमच्याकडून हप्ता घेत असतील तर तो सहसा पगाराच्या स्लिपवर दिसतो. दादाच्या स्लिपवर ही कपात नव्हतीच. पगार जमा व्हायचा त्याच दिवशी बँकेच्या ई-मँडेटने, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीने, पैसे जायचे, त्यामुळे ती पगारातलीच कपात वाटायची. नोकरी सुटली की ग्रुप विमा बहुधा तिथेच संपतो, हेही विचारून घ्या. एचआरला एकच ईमेल करा: ही योजना कंपनीची आहे का, आणि आजारामुळे आलेलं अपंगत्व यात येतं का? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, येतं’ला काडीची किंमत नाही.

वैयक्तिक आयुर्विमा पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. दादाची पॉलिसी ईमेलवर आली होती, आणि ‘हे फक्त रेकॉर्डसाठी आहे’ असं त्याला मुद्दाम सांगितलं गेलं होतं.

ती मुदत गेली असली तरी गप्प बसू नका. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं, नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 वरही तक्रार नोंदवता येते. आमच्या बाजूने सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो त्या विक्रेत्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, ‘कंपनी अपंगत्व कव्हर, हप्ता सुरू झाला’. लोकपालांनी भरलेले हप्ते परत द्यायला लावले. अपंगत्वाचं संरक्षण मात्र मुळात कधी नव्हतंच, त्यामुळे त्या नावाने काही मिळणार नव्हतं. दादाच्या ऑफिसात त्याच माणसाकडून पॉलिसी घेतलेले आणखी लोक आहेत. त्यांच्या तक्रारींचे मसुदे आता वहिनी आणि मी मिळून लिहितोय.