सेकंडहँड .३१५, चौदा महिन्यांनंतर: चकाकी सोडा, नळीचं तोंड बघा

आचारसंहिता उठली, पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल परत मिळाली. पुलथ्रूने (नळी साफ करायची वजन बांधलेली दोरी) पांढरी चिंधी ओढली तर ती नारिंगी होऊन बाहेर आली. ठाणे शहराची खाडीकाठची हवा आणि जमा करताना नळीत फिरवलेला तेलाचा पातळ हात, दुसरं काय होणार. गंज वरवरचा होता, निघाला. पण त्या निमित्ताने घेताना काय बघितलं आणि काय बघायला हवं होतं, याचा हिशेब मांडतोय.

.३०३ प्रतिबंधित बोअर (नळीच्या भोकाचं माप), त्यामुळे एनसीसीत खांद्यावर वागवलेली थ्री नॉट थ्री कुणाला साध्या परवान्यावर मिळत नाही. इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची .३१५ ही तिचीच मुलकी बहीण. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, तोच, मागच्या बाजूला लॉक होणारा. स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) तसाच बोल्ट बंद करताना ताणला जातो. म्हणून जुनी लष्करी रायफल पारखायचे नियम हिला जवळपास जसेच्या तसे लागतात.

विक्रेत्याने नवं काळं पॉलिश दाखवून भाव वाढवला होता. माझ्या मते ताज्या पॉलिशने भाव उतरायला हवा. गंजाचे खड्डे बफ मारून बुजवले की अक्षरांच्या कडा गोल होतात. नंबरावर नख फिरवलं की कळतं. लष्करी एनफील्डवर (म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या जुन्या एसएमएलई प्रकारावर) दस्ता बसतो त्या लोखंडी खोबणीच्या उजव्या बाजूला कारखाना आणि साल असतं, ते पुसट झालं असेल तर संग्राहकाची किंमत तिथेच संपली. आणि नंबर मुद्दाम घासलेला दिसला तर हातच लावू नका, तो सरळ गुन्हा आहे.

आता नळीचं तोंड. खरी किंमत या शेवटच्या दोन इंचांत आहे, असं मी कुणालाही सांगतो आणि ऐकणारे कंटाळतात. पुलथ्रूचं वजन मागून टाकून दोरी पुढून ओढायची असते. ओढणारा आळशी असला की दोरी तिरकी घासते आणि वर्षानुवर्षांत तोंडाचं गोल भोक एका बाजूला खाल्लं जातं. तपासायची पद्धत सोपी. रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः बघा. बोल्ट पूर्ण मागे ओढा, बोल्टचं डोकं वर उचलून स्प्रिंगमधून सोडवा, बोल्ट बाहेर येतो. नळीत कोरडी चिंधी दोनदा फिरवा, कारण तेल खड्डे लपवतं. मागे पांढरा कागद धरून पुढून बघा. मग दारू आणि कॅप (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नसलेलं डमी काडतूस नळीच्या तोंडात उलटं धरा: गोळीचा काही भाग बाहेर राहायला हवा आणि भोवतीची फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. गोळी काडतुसाच्या मानेपर्यंत आत गेली तर नमस्कार करून उठा. शेवटी कापसाचा बोळा आतून बाहेर ओढा. जिथे तंतू अडकतो तिथे कडेला इजा आहे.

एक गोष्ट फसवते. काळपट नळीत आट्यांच्या (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार असतील तर ती बऱ्यापैकी मारते. चकचकीत पण गुळगुळीत झालेली नळी मारत नाही.

मी घेतलेल्या रायफलीचं तोंड किंचित खाल्लेलं आहे. ५० मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या पसरायच्या आणि आठ महिने मी त्या दोन इंचांना शिव्या घातल्या. इथे मत बदलावं लागतंय. जुलैत सगळा गट (निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका) उजवीकडे सरकला. नळीचं तोंड काही पावसाळ्यात बदलत नाही. नळी आणि पुढच्या लाकडाच्या मधून कागदाची पट्टी सरकवली तर ती डावीकडे अडकली: लाकूड फुगून नळीला ढकलत होतं. लाकडाला बाहेरून पॉलिश होतं, नळी बसते ती आतली खाच कोरी होती. लाकूड उतरवून नळीला काजळी लावली, परत बसवलं, जिथे काळं उमटलं तेवढंच घासलं आणि आतून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार हात दिले, दोन हातांमध्ये दोन दिवस सोडून. मागे धक्का झेलणारे लाकडाचे दोन खांदे अजिबात घासायचे नाहीत. पसारा निम्म्यावर आला. म्हणजे दोष दोन होते, स्वस्तातला मी शेवटी बघितला.

लष्करी एनफील्ड उघडणाऱ्यांना एक इशारा: पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्त्याचा बोल्ट (दस्ता आवळणारा लांब स्क्रू) फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, लाकूड चिरतं.

नळी बंद करणाऱ्या बोल्टचा नंबर रायफलीच्या बॉडीशी जुळत नसेल तर हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि नळी यांच्यात काडतुसाच्या कडेला मिळणाऱ्या जागेची, शंका घ्या. .३०३ ला ०.०६४ आणि ०.०७४ इंचांची गेज (ती जागा मोजायची मापं) असतात, ती .३१५ ला लावू नका, काडतुसाची कड वेगळी आहे. त्यापेक्षा रेंजवर झाडलेली केस (काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं) बघा: बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं तर केस तिथे फाटायच्या बेतात आहे. वागळे इस्टेटमधला लेथवाला कितीही हुशार असला तरी हे काम परवानाधारक गनस्मिथचंच.

भावाचं म्हणाल तर तोंड खाल्लेलं असेल तर सांगितलेल्या किमतीतून तिसरा हिस्सा कापा, परका बोल्ट असेल तर घेऊच नका, लाकडासाठी मात्र फार घासाघीस करू नका. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घाई विकणाऱ्याला असते. खाजगी विक्रीत लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात दुसऱ्यांदा उजेडात बघून या.

जुनी काडतुसं झाडली असतील तर नुसतं तेल पुरत नाही. जुन्या कॅपमधला क्षार ओल धरतो. नरसाळ्याने मागून उकळतं पाणी ओता, कोरडं करा, मग तेल. पुढच्या निवडणुकीत जमा करताना नळीत ग्रीस भरणार आहे, आणि चापाला चिठ्ठी बांधणार: ‘आत ग्रीस आहे, साफ केल्याशिवाय झाडू नये.’