मालवणी जेवण, बेंगळुरूचं गिऱ्हाईक: ऑर्डरच्या अ‍ॅपवर मेन्यू मांडायचा तरी कसा?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटला किंवा बेलंदूरला मालवणी जेवणाचं क्लाउड किचन, म्हणजे बसून खायची सोय नसलेलं, फक्त घरपोच जेवण देणारं स्वयंपाकघर काढलं, तर मराठी गिऱ्हाइकासाठी वेगळं काही करावं लागत नाही. 'कोंबडी वडे' एवढं दिसलं की तो ऑर्डर टाकून मोकळा होतो. पण त्याच्या एकट्याच्या जिवावर बेंगळुरूत धंदा चालत नाही. कानपूरची, कोलकात्याची, कोइमतूरची माणसं रात्री साडेआठला भुकेजलेली फोन चाळत असतात. त्यांनी मालवणी जेवण कधी पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासमोर मेन्यू कसा ठेवायचा, हे ठरवायचं असेल तर तीन मार्ग आहेत: नेहमीची यादी, ताट पुढे करणारा मेन्यू आणि प्रश्न विचारत नेणारा मेन्यू. माझं मत ताटाच्या बाजूचं आहे. पण यादी अगदीच टाकाऊ नाही, आणि प्रश्नांचाही एका ठिकाणी चांगला उपयोग होतो.

यादी

स्टार्टर, ग्रेव्ही, ब्रेड, राइस, बेव्हरेजेस. हा साचा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, बनवायला स्वस्त आहे आणि स्विगी-झोमॅटोवर तोच मिळतो. अडचण अशी की कशाबरोबर काय खायचं हे खाणाऱ्याला माहीत आहे, असं यादी गृहीत धरते. पंजाबी जेवणात ते चालून जातं, कारण दाल मखनीबरोबर नान घ्यायचा हे आता सगळ्या देशाला ठाऊक आहे. मालवणी जेवणाचं तसं नाही. वडे 'ब्रेड'मध्ये, कोंबडीचा रस्सा 'ग्रेव्ही'मध्ये आणि सोलकढी 'बेव्हरेजेस'मध्ये गेली की ताटाचे तीन तुकडे तीन कप्प्यांत पडतात. नवखं गिऱ्हाईक रस्सा घेतं, सवयीने जिरा राइस घेतं आणि वड्यांकडे फिरकतच नाही. फिरकलंच तर 'वडा' वाचून मेदूवडा येईल अशी त्याची समजूत होते. आणि मग डब्यात पुरीसारखं काहीतरी निघतं.

सोलकढीची गत त्याहून वाईट. कोकमाच्या गुलाबी रंगामुळे फोटोत ती थेट स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखी दिसते. गोड समजून घोट घेणाऱ्याला लसूण-मिरची लागली, की त्या रात्रीचा शेरा काय असणार ते सांगायला नको. सोलकढी उत्तम झालेली असते, स्वयंपाकघराचा काडीचाही दोष नसतो. गफलत मांडणीची.

यादी कामाची ठरते ती मासे ओळखणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. बंगाली माणसाला बोंबील नवा नाही, त्याच्याकडे तो 'लोटे'. सुरमई मंगळुरूकडे 'अंजल', तमिळ माणसाकडे 'वंजरम', मल्याळी माणसाकडे 'नेयमीन'. या लोकांना ताट समजावून सांगायची गरज नसते, त्यांना मासा शोधायचा असतो. स्वतःचं वेबपान बनवणार असाल तर शोधाच्या खान्यात ही सगळी नावं भरून ठेवा. एका दुपारचं काम आहे आणि त्याचा फायदा कुठल्याही देखण्या फोटोपेक्षा जास्त.

ताट आधी

इथे पहिल्या पडद्यावर पदार्थ नसतातच, चार-पाच ताटं असतात. कोंबडी-वड्यांचं ताट, आजच्या मासळीचं ताट, कोलंबीचं ताट, आणि काळ्या वाटाण्याचं सांबार व घावण्यांचं शाकाहारी ताट. प्रत्येक ताट एका भुकेल्या माणसापुरतं. 'किती मागवू?' हा प्रश्न नवख्याला 'काय मागवू?' इतकाच छळतो, आणि यादीत त्याचं उत्तर कुठेच नसतं. फोटो अख्ख्या ताटाचा, वरून काढलेला. एकेका जिन्नसावर बोट ठेवलं की एकच ओळ उघडावी: 'वडे: तांदूळ आणि डाळींच्या जाडसर पिठाचे, तळलेले, रश्श्यात बुडवून खा.' 'सोलकढी: आंबट, तिखटसर, गार, जेवणाच्या शेवटी.' घावण्यांसाठी तर बेंगळुरूत आयतं काम होतं. 'नीर दोशासारखे' म्हटलं की पुढे काही लिहायला नको.

तिखटाचंही असंच. मिरच्यांची चित्रं मला निरुपयोगी वाटतात. आंध्राच्या माणसाच्या दोन मिरच्या आणि कोलकात्याच्या माणसाच्या दोन मिरच्या एक नव्हेत. त्यात मालवणी रश्श्याचा लाल रंग बराचसा बेडगी मिरचीचा असतो. ती रंग भरपूर देते, तिखटपणा बेताचा. फोटो बघून घाबरलेलं गिऱ्हाईक 'मंगळुरी गस्सीच्या आसपास' एवढं वाचून निर्धास्त होतं (गस्सी म्हणजे मंगळुरूकडचा नारळाचा रस्सा). बेडगी मिरची कर्नाटकातलीच, तीही ओळख इथे उपयोगी पडते.

आता ताटाचा जाच. एक जिन्नस संपला की अख्खं ताट बंद पडतं. सोलकढी रात्री नऊला संपली तर कोंबडी-वड्यांची विक्री थांबवायची का? म्हणून साठा ताटाचा नव्हे, एकेका जिन्नसाचा मोजावा लागतो, आणि कशाऐवजी काय द्यायचं ते आधीच ठरवावं लागतं. साध्या तयार सॉफ्टवेअरात ही सोय असतेच असं नाही, विकत घेण्याआधी हाच प्रश्न पहिला विचारा. दुसरा जाच किमतीचा. ताटाचा आकडा एकट्या रश्श्याच्या आकड्याशेजारी मोठा दिसतो, आणि तुलना करत फिरणारं गिऱ्हाईक बिचकतं. त्यावर उपाय म्हणजे लहान ताट. अर्धे वडे, लहान वाटी रस्सा, सोलकढी तेवढीच.

मासळीच्या ताटाला माशाचं नाव देऊ नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून. बेंगळुरूला दोन्हीकडून मासळी येते, त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात अवघड. 'आजची मासळी' असा कप्पा ठेवून मासा आणि भाव रोज सकाळी भरला, तर मेन्यू मोडत नाही. 'पापलेट ताट' म्हणून एकदा छापून बसलात, की वर्षातले निम्मे दिवस 'उपलब्ध नाही' अशी पाटी झळकते.

प्रश्न विचारत नेणारा

'मांसाहारी का? किती तिखट? काटे चालतील का?' अशी पाच-सहा पायऱ्यांची वाट, आणि शेवटी अ‍ॅपची शिफारस. सादरीकरणात हा प्रकार फार भाव खातो. प्रत्यक्षात भुकेल्या माणसाला मुलाखत नको असते. शिवाय पंचवीस पदार्थांच्या मेन्यूत प्रश्न विचारून निवडण्यासारखं उरतंच किती? मालवणी, गोवन आणि कोल्हापुरी असं तिन्ही एका स्वयंपाकघरातून विकणार असाल, तर गोष्ट वेगळी.

त्यातला एक प्रश्न मात्र उचलून ताटात घालावा, तो काट्यांचा. बांगड्याला बारीक काटे, सुरमईच्या तुकडीला मधला एक जाड काटा. उत्तर भारतातून आलेल्या अनेकांचं मासे मागवायचं धाडस इथेच संपतं. मासळीच्या ताटावर 'काटे कमी' अशी एक निवड दिली की पुरे. शाकाहाराचा प्रश्न विचारायचा नाही. त्यासाठी शाकाहारी हिरवा ठिपका आणि मांसाहारी तपकिरी त्रिकोण यांची गाळणी (फिल्टर) असते, ती वरच असावी. कोलंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जीही विचारत बसू नका, त्या-त्या ताटावर स्पष्ट लिहा.

| | यादी | ताट आधी | प्रश्न |
|---|---|---|---|
| कोणासाठी | मासे ओळखणारे, परत येणारे | पहिल्यांदा खाणारे | खूप मोठा मेन्यू असेल तर |
| बनवायचा खर्च | जवळपास नाही | मध्यम, साठ्याची डोकेदुखी | सर्वांत जास्त |
| कुठे फसतो | जोडी चुकते | एक जिन्नस संपला की अडतं | गिऱ्हाईक मध्येच सोडून जातं |

फोनच्या पलीकडचं

मांडणी पडद्यावर संपत नाही. ताटाचा फोटो काशाच्या थाळीतला, आणि घरी पोचतात पाच प्लास्टिकचे डबे. कुठला डबा कशाबरोबर, हे झाकणावरच्या चिकटपट्टीवर हवं. माशाच्या आमटीत तिरफळ असेल तर 'काळं फळ चावू नका' हे अ‍ॅपवर आणि झाकणावर, दोन्हीकडे. जीभ बधिर झालेल्या माणसाला ती मसाल्याची खुबी वाटत नाही, जेवण बिघडल्याची शंका येते. आणि बोंबील फ्राय पोचवायच्या मेन्यूतून काढून टाका. डब्यातल्या वाफेने तो पाच-दहा मिनिटांत मऊ पडतो, आणि पहिल्यांदा खाणारा समजतो की बोंबील असाच लिबलिबीत असतो.

अ‍ॅप स्वतःचं का दुसऱ्याचं?

यावर फार वेळ घालवू नका. अ‍ॅपल वर्षाला ९९ डॉलर घेतं, गूगल एकदाच २५ डॉलर. हा खर्च किरकोळ आहे, अ‍ॅप बनवून घेण्याचा आणि सांभाळण्याचा मोठा. पण खरी अडचण पैशांची नाही. जे जेवण कधी चाखलं नाही, त्याचं अ‍ॅप कोणी उतरवून घेत नाही. म्हणून नवं गिऱ्हाईक स्विगी-झोमॅटोवरच गाठावं लागतं. तिथे यादीचाच साचा असला तरी पहिल्या वर्गाचं नाव 'मालवणी ताटं' ठेवता येतं आणि वडे-रस्सा-सोलकढी एकत्र विकता येते. तिथल्या ऑर्डरीवरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून तो मंचच भरतो, तेवढी कटकट कमी. कमिशन मात्र जातंच.

परत येणाऱ्यांसाठी साधं वेबपान करा: लिंक उघडली की ताटं, खाली पूर्ण यादी, यूपीआयने पैसे. त्याचा क्यूआर डब्याच्या झाकणावर छापा, पण पिशवीवर नको, ती दारातच कचऱ्यात जाते. स्वतःचं अ‍ॅप त्या पानावर रोजच्या ऑर्डरी दिसू लागल्यावर.

उद्घाटन जूनमध्ये ठरलं असेल तर कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि सोडे किंवा सुक्या बोंबलाचं एक ताट, एवढ्यावर सुरुवात करा. 'आजची मासळी' हा कप्पा पानावर बांधून ठेवा, उघडा ऑगस्टमध्ये.